समुद्राला नत्र जास्त झालं

सर्जेराव खरातांनी सगळी नोकरी एकच गोष्ट सांगण्यात घालवली. जमिनीला काय कमी पडलं ते. शेतकरी रुमालात बांधून मूठभर माती आणायचा, सर्जेराव ती नळीत घालून हलवायचे, उजेडाकडं धरून रंग बघायचे आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे, "नत्र कमी आहे पाटील. स्फुरद तर न्हाईच म्हणा." माती परीक्षणाच्या त्या खोलीत कुणाच्या वावरात नत्र जास्त निघालंय, असं कधी घडलं नव्हतं. त्यामुळं निवृत्तीनंतर स्वतःच्याच बैठकीत, स्वतःच्याच हातातल्या नळीत लालभडक रंग बघून 'नत्र जास्त' असं म्हणायची पाळी आली, तेव्हा त्यांची जीभच वळेना. बरं, जास्त झालं होतं ते वावरात नव्हे. समुद्रात.

आता बदनापुरात समुद्र कुठला, असं कुणीही विचारील. बदनापुरात पाणी म्हणजे बोअर, नाहीतर टँकर. तर समुद्र आला होता टेम्पोतून. सर्जेरावांची लेक मोनाली मत्स्यशास्त्र शिकली, रत्नागिरीला नोकरीला लागली आणि तिथं खोलीत तिनं खाऱ्या पाण्याची एक काचेची टाकी पाळली. मग तिला अंदमानाकडं, मासे मोजणाऱ्या बोटीवर नेमणूक मिळाली. टाकी बोटीवर नेता येईना. समुद्रात समुद्र कशाला, असं तिचे साहेब म्हणाले म्हणे. मग तिनं बापाला फोन केला, "बाबा, तुम्ही जन्मभर नळ्याच हलवल्यात. तुम्हाला जमेल." सर्जेराव फुलले आणि तिथंच फसले.

टाकी मोठी देखणी होती. दोन नारिंगी मासे, अंगावर पांढरे पट्टे. एक झिंगा, तो सदा मिशा हलवत बसलेला. आणि दगडांवर मऊ प्रवाळ, शर्टाच्या बटणाएवढाली हिरवी-जांभळी फुलं. दिवा लागला की उघडायची, दिवा गेला की मिटायची. वीज गेली की इन्व्हर्टरवर पहिला हक्क समुद्राचा, दुसरा पंख्याचा. पहिल्या उन्हाळ्यात सर्जेराव घामानं निथळत होते आणि मासे गारव्यात फिरत होते, पण त्यांची तक्रार नव्हती. कारण टाकीनं एक भलतंच काम केलं होतं. तिनं घरात माणसं आणली होती.

हे नीट सांगायला पाहिजे. सर्जेरावांचं खरं घर म्हणजे सरकारी क्वार्टर. एका ओळीत आठ दारं, पुढं एकच अंगण, मध्ये एक कडुलिंब. कुणाच्या घरी काय शिजतंय ते वासावरून कळायचं आणि कळलं की वाटी घेऊन जायचं. हिवाळ्यात हुरडा भाजला की आठही घरांची पोरं एकाच आगटीभोवती, काळ्या तोंडानं. कांताबाई तर दार लावायचंच विसरल्या होत्या. पाहुणा चहा न घेता गेला तर त्यांना दिवसभर चुकल्यासारखं व्हायचं. मग निवृत्ती आली, कॉलनीत स्वतःचं घर बांधलं, कंपाउंड घातलं, फाटक बसवलं, फाटकावर नाव घातलं आणि फाटकाला हात लावणारं कुणी उरलं नाही. मुलगा भारत पुण्याला, मोनाली रत्नागिरीला. चार वाजता कांताबाई सवयीनं भांडंभर चहा ठेवायच्या आणि दोन कप गाळून उरलेला झाडाला घालायच्या. सर्जेराव बघायचे आणि पेपर तोंडापुढं धरायचे. फार वाईट वाटायचं त्यांना.

टाकी आली आणि फाटक करकरायला लागलं. आधी शेजारचे बद्रीनाथ आले. रेल्वेत बुकिंग क्लार्क होते. अजूनही समोरच्याशी खिडकीतून बोलल्यासारखे वाकून बोलतात. मग त्यांच्या घरची मंडळी, मग गल्ली, मग गल्लीचे पाहुणे. मुली बघायला आलेली स्थळंसुद्धा कांदेपोहे तिकडं नि समुद्र इकडं असं करून जायला लागली. कांताबाई पुन्हा भांडंभर चहा ठेवू लागल्या आणि भांडं रिकामं होऊ लागलं. गालावर रंग आला बाईंच्या.

फक्त एक झालं. जो येई तो खाई, आणि जो खाई तो माशांना घाली.

"आपण खाऊन राह्यलो अन् ते बिचारे काचेतून बघून राह्यले," बद्रीनाथ म्हणायचे, "हे बराबर दिसत न्हाई." आणि चिमूटभर चिवडा पाण्यात. कुणी मुरमुरे, कुणी शेव, एका आजीबाईंनी तर शेंगदाण्याची पोळी. सर्जेराव तोंडानं 'अहो, नको' म्हणत, पण पाहुण्याचा हात धरायचा कसा? क्वार्टरमध्ये हे शिकवलंच नव्हतं.

व्हायचं ते झालं. आधी काचेवर हिरवी साय धरली. मग दगडांवर शेवाळाचे केस उगवले. बटणांसारखी फुलं एकेक करून मिटली ती उघडेनात. सर्जेरावांनी मोनालीनं दिलेल्या पेटीतली नळी काढली, थेंब टाकले, हलवली. नत्र लालभडक. स्फुरदाची नळी निळीशार.

बोट किनाऱ्याला लागली की मोनालीचा फोन लागायचा. तिनं फोटो बघितले आणि ती एकदम साहेबीण झाली. "बाबा, नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही फार वाढलंय. खाणं एकदम कमी करा. पाणी बदला. असंच राहिलं तर प्रवाळ मरतील, मागून मासे. मी संध्याला सांगून ठेवते. नाही जमलं तर ती टाकी संभाजीनगरला घेऊन जाईल."

संध्या म्हणजे मोनालीची वर्गमैत्रीण. संभाजीनगरला कॉलेजात शिकवायची, घरी तिच्या तीन टाक्या. चांगली पोरगी. पण ते ऐकून सर्जेराव फाटकाकडं बघायला लागले. टाकी गेली की फाटक पुन्हा मुकं. चार वाजताचा चहा पुन्हा झाडाला. त्यांनी तिथल्या तिथं ठरवलं की समुद्र बदनापूर सोडणार नाही.

पहिला उपाय, बंदी. त्यांनी टाकीपुढं खुर्ची टाकली आणि पाहुणा आला की नम्रपणे सांगायला लागले, "माशांना आता पथ्य आहे." बद्रीनाथांनी चिवड्याची चिमूट परत बशीत टाकली, बशी टीपॉयवर ठेवली आणि वाकून म्हणाले, "खरात साहेब, तुमच्या घरी आमच्या चिमटीचं वजन झालं म्हणायचं." आणि दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते तुरटीचा खडा घेऊन. "टँकरचं गढूळ पाणी हिनं दोन मिनिटांत नितळ होतं. फिरवा फक्त." सर्जेरावांनी दोन्ही हात पसरून टाकी अडवली. बद्रीनाथ खडा घेऊन उजवीकडून, सर्जेराव आडवे. डावीकडून, पुन्हा आडवे. दोन निवृत्त माणसं बैठकीत कबड्डी खेळताहेत हे कांताबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या.

दुसरा उपाय, पाणी बदलणं. बादलीभर बोअरचं पाणी काढलं, पण सर्जेराव शास्त्राचा माणूस. आधी नळीत घेतलं. नळी टाकीच्या पाण्याहून लाल. ते नळीकडं बघतच राहिले. आजूबाजूच्या वावरात वर्षानुवर्षं पडलेला युरिया झिरपून झिरपून बोअरला आला होता.

"मंग?" कांताबाई म्हणाल्या, "तुमीच सांगत होते ना, टाका टाका. टाकला लोकांनी. आला बगा घरपोच."

सर्जेरावांनी बादली झाडाला ओतली. शुद्ध पाण्याचे जार सांगितले. पण समुद्र करायला समुद्राचंच मीठ पाहिजे. ते मागवलं आणि ते जालन्याला कुरिअरच्या हापिसात अडकलं. "काका, घरपोच येणार न्हाई. तुमी या अन् उघडून दाखवा," फोन आला. सर्जेराव पॅसेंजरनं जालन्याला गेले. खिडकीतल्या माणसानं पांढरी बादली दाखवून विचारलं, "काय आहे यात?"

"मीठ."

"वर बी तेच लिवलंय. म्हणून तर ठेवलं. जालन्यात मीठ संपलं का काका?"

"समुद्र करायचाय," सर्जेराव म्हणाले, आणि म्हणताक्षणी त्यांना कळलं की हे वाक्य हापिसात बोलायचं नव्हतं. खिडकीतल्यानं आतल्याला बोलावलं, आतल्यानं साहेबाला. तिघांनी त्या पांढऱ्या भुकटीकडं बघितलं, मग सर्जेरावांकडं. माणूस सभ्य दिसतो, हातात कापडी पिशवी. साहेबांनी शेवटी करंगळी बुडवून जिभेला लावली. बराच वेळ विचार केला. "खारट आहे," ते म्हणाले. जिथं आयुष्यभर सर्जेरावांच्या सहीनं जमिनीची जात ठरली, तिथं त्यांचं मीठ मीठ आहे हे परक्या माणसाच्या करंगळीनं ठरलं. अपमान गिळून त्यांनी बादली उचलली.

परतीच्या गाडीत शेजारच्या बाईनं विचारलं, "मीठ? एवढालं? लोणचं घालून राह्यले का?" आता पुन्हा समुद्र सांगायची हिंमत नव्हती. "हो, लोणचं," ते म्हणाले. बाईनं जालना ते बदनापूर लिंबाचं लोणचं सांगितलं, मोहरी किती, हळद किती, बरणी उन्हात कधी ठेवायची. सर्जेराव मान डोलवत राहिले. ते उतरताना ती म्हणाली, "पहिली बरणी शेजारणीला द्या बरं. आमच्याकडं तसंच असतं." त्यांना क्वार्टरचं अंगण आठवलं, ओळीनं मांडलेल्या आठ घरांच्या बरण्या, कुणाची कोणती ते कुणालाच न कळणाऱ्या. फलाटावर बादली घेऊन ते उगाच थोडा वेळ उभे राहिले.

पाणी बदललं. नळी थोडी फिकी झाली. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा लाल. आता पाहुण्यांची चिमूट बंद, बोअरचा थेंब नाही, तरी नत्र येतंय कुठून? माती तपासणाऱ्याला एवढं तर कळायलाच पाहिजे की पाण्यात काही आपोआप येत नाही. एक दिवस पेन्शनच्या कामाला म्हणून बाहेर पडले आणि चष्मा विसरला म्हणून मागल्या दारानं परत आले. दुपारची वेळ. कांताबाई जेवायला बसण्याआधी ताट घेऊन टाकीपाशी उभ्या. भाकरीचा एक तुकडा बोटांत चुरून पाण्यात सोडला. "हा मोनालीचा." मग दुसरा. "हा भारतचा."

"कांता!"

त्या दचकल्या नाहीत. उलट पदरानं हात पुसून शांतपणे म्हणाल्या, "वरडू नका. मासे भितात."

"अगं, यानंच सगळं... तूच?"

"माझी माय घालायची," कांताबाई म्हणाल्या. "आमचा भिवा दादा ऊसतोडीला गेला की ती आधी दारातल्या कुत्र्याला, शेळीला घास घालायची, मंग जेवायची. म्हणायची, आपण हितं कुणाच्या तोंडात घातलं की तिकडं आपल्या लेकराच्या तोंडात कुणी तरी घालतं. मोनाली समुद्रात हाय. फोन लागत न्हाई. जेवली का न्हाई, कुणाला इचारू मी? हे बी समुद्रच हाय ना."

सर्जेरावांनी घरात अंधश्रद्धेला कधी थारा दिला नव्हता. क्वार्टरमध्ये असताना त्यांनी त्यावर व्याख्यानंसुद्धा दिली होती, लिंबाखाली, टेबल-खुर्ची मांडून. त्यांनी आवाज भारदस्त केला. "आपल्या घरात अंधश्रद्धा..."

"मी कुठं अंधश्रद्धा करून राह्यले? मी खाऊ घालून राह्यले."

सर्जेराव खुर्चीत बसले. बायकोला बंद कर म्हणावं तर ती बंद करील, एवढी ती नक्कीच त्यांची होती. पण मग रोज दुपारी ती पहिल्या घासापाशी अडणार. आणि चालू दे म्हणावं तर समुद्र मरतो, संध्या येते, टाकी जाते, आणि घास घालायला समुद्रच उरत नाही. त्यांनी केसाळ दगडांकडं बघितलं. जिकडं तिकडं हिरवं गच्च. खाऊन पिऊन माजलेलं. आणि एकदम त्यांच्या डोक्यात उजेड पडला. शेतकऱ्याला ते काय सांगत आले होते? पीक जमिनीतलं नत्र खातं. पीक कापून बाहेर नेलं की जमीन रिकामी होते, म्हणून तर खत घाला. मग इथं उलटं करू. पीक घेऊ, कापू, बाहेर टाकू. खाणारे खाऊ देत.

त्यांनी संध्याला फोन केला. ती आधी हसली, मग म्हणाली, "काका, असं करतात खरं. मी थोडं शेवाळ पाठवते. पण मी येऊन तपासणार हं. जमलं नसलं तर टाकी नेणार."

शेवाळ डब्यातून आलं. भांडी घासायच्या जाळीचा हिरवा गुंता दिसावा तसं. टाकीखाली प्लॅस्टिकचा टब, त्यात टाकीचं पाणी पंपानं खाली-वर फिरतं, आणि टबावर संध्यानं सांगितलेला जांभळा दिवा. सर्जेरावांच्या वडिलांच्या नावावर कधी एक गुंठा नव्हता. दुसऱ्यांच्या वावरात मजुरी करून त्यांनी पोराला शिकवलं. ते आज असते तर, असं सर्जेरावांच्या मनात आलं आणि टबावर वाकलेलं त्यांचं नाक लाल झालं. घराण्यातलं पहिलं स्वतःचं रान, आणि तेही खाऱ्या पाण्यात.

जांभळा उजेड खिडकीतून कंपाउंडवर पडायचा. कॉलनीत चर्चा झाली. मीठ तपासल्याची बातमी जालन्याहून कशी कोण जाणे येऊन पोचलीच होती. आता हा दिवा. एका संध्याकाळी पोलीस ठाण्यातले जमादार रामकिसन फाटकाशी उभे. "काका, सहज आल्तो. लोक म्हणून राह्यले, तुमी घरात पीक घेऊन राह्यले. कसलं पीक?"

"या, दाखवतो." सर्जेरावांनी त्यांना टबाशी नेलं आणि ते हिरवं गुंतवळ दोन्ही हातांनी वर काढलं. पाणी निथळलं. रामकिसननं टोपी मागं सारून वास घेतला. "याची धुंदी चढते का?"

"मला चढलीय," सर्जेराव म्हणाले.

कांताबाईंनी जमादारांना चहा आणि भजी दिली. तपास बैठकीत, भजी खात, बराच वेळ चालला. जाताना रामकिसननं भज्याचा एक चूर माशांना टाकला. सर्जेरावांच्या ओठांवर 'नको' आलं होतं. ते त्यांनी गिळलं आणि म्हणाले, "टाका जमादार. आता पीक उभं आहे."

तेव्हापासून बंदी उठली. बद्रीनाथ पुन्हा आले, चिवडा घेऊन, ताठ मानेनं. पीक मात्र आधी येईना. आठवडा गेला, शेवाळ होतं तसंच. सर्जेराव दिवसातून दहादा टबाशी वाकायचे आणि त्यांना पहिल्यांदा कळलं की पाऊस लांबला की समोर बसलेला शेतकरी नळीकडं तसा का बघायचा. मग एका सकाळी टब भरून आलेला. त्यांनी कात्रीनं अर्धं कापलं आणि अंगणात वाळत घातलं. पहिलं पीक बघायला सगळी गल्ली आली. आंघोळ झालेली, न झालेली. कुणी म्हणालं, भाजून हुरड्यासारखं खाता येईल का. कांताबाई इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. किती वर्षांनी त्या अशा हसल्या, सर्जेरावांना आठवेना.

आणि मग संध्या आली. गाडी घेऊन, मागं मोठे रिकामे डबे ठेवून. सर्जेरावांनी नमस्कार केला आणि आधी त्या डब्यांकडं बघितलं. बद्रीनाथ मुद्दाम येऊन बसले होते, साक्षीला. संध्यानं नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले, हलवलं. आयुष्यात पहिल्यांदा सर्जेराव नळीच्या त्या बाजूला बसले होते, रुमालात माती आणणाऱ्याच्या बाजूला. नळी लाल झाली नाही, पिवळसर राहिली. स्फुरदाची फिकी. संध्यानं पुन्हा तपासलं. मग ती दगडांपाशी वाकली. बटणांतली दोन-तीन उघडली होती.

"काका, खाणं बंद केलंत ना?"

"न्हाई," सर्जेराव म्हणाले. खोटं बोलायची इच्छा झाली होती, पण झेपलं नाही. "दुप्पट झालंय."

संध्या काही बोलणार, तेवढ्यात कांताबाई आल्या. "आधी जेव. तिकडून कधी निघालीस? तोंड सुकलंय." संध्याला नाही म्हणायला वेळच मिळाला नाही. भाकरी, पिठलं, ठेचा, ताकाचा गडू. कांताबाई बसण्याआधी टाकीशी गेल्या, चुरा सोडला, "हा मोनालीचा, हा भारतचा," आणि संध्या घास हातात धरून बघत राहिली. सर्जेरावांनी, मान खाली घालून, सासूबाईंची ती समजूत तिला सांगितली. शास्त्र शिकवणारी पोरगी. आता हसणार, असं त्यांना वाटलं.

ती हसली नाही. तिनं भाकरी संपवली, दुसरी मागून घेतली. हात धुऊन आली आणि टाकीपुढं उभी राहिली.

"काकू," ती म्हणाली, "माझी आई नागपूरला एकटीच असते. एकटीला काय करायचं म्हणून रात्रीचा चहा-बिस्किटावरच निभावते. मी रोज फोनवर भांडते." मग ती सर्जेरावांकडं वळली. तिचे डोळे भरले होते. "काका, तिच्या नावानं एक टाकू का? नत्र वाढेल थोडं."

सर्जेरावांनी बद्रीनाथांकडं बघितलं. बद्रीनाथ खिडकीबाहेर बघत होते आणि उपरण्यानं नाक पुसत होते.

"टाक बाई," सर्जेराव म्हणाले. "तू टाक. मी आणखी एक टब लावतो."